रोबोचा सोज्वळ आवाज

चंद्रा म्हैस दावं तोडून हायवेच्या मधोमध उभी, आणि तिला हाक मारणाऱ्या माणसाला आवाजच नाही. काय म्हणावं या दैवाला?

तंबाखूपायी जोतीरामचं स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशनआधी त्याच्या लेकीनं, क्रांतीनं, त्याचा आवाज भरून घेतला. राजारामपुरीत रोबो शिकवायचा क्लास चालवते ती. तिनं बापासाठी चाकांवरचा एक छोटा रोबो केला. टॅबवर लिहायचं, की रोबो बापाच्या आवाजात बोलणार. पण घोटाळा खुद्द जोतीरामनंच करून ठेवला. आवाज कायमचा राहणार म्हटल्यावर गडी फेटा बांधून बसला आणि रेडिओवर बातम्या देतात तसं शुद्ध बोलला. जन्मात कधी बोलला नव्हता तसं. नंतर रोबोचं बोलणं ऐकलं आणि पाटीवर खडूनं लिहिलं, "ह्यो मी न्हाय." पुन्हा टॅबला बोट लावलं नाही. घर मुकं झालं, आणि क्रांतीच्या जिवाला ते फार लागलं.

आता कागलकडून उसाचे ट्रक हॉर्न मारत येत होते. जोतीराम कडेला उभा राहून नुसते हात हलवत होता. म्हैस बिथरलेली, कोणी जवळ गेलं की आणखी आत सरकायची. म्हैस सुटल्याचं कळताच क्रांती रोबो स्कूटीवर घालून धावत आली होती. तिनं तो उतरवला आणि घाईघाईनं टॅबवर लिहिलं.

"चंद्रा, इकडे ये," रोबो म्हणाला.

म्हशीनं कानसुद्धा हलवला नाही. अरे, दिवाळी पाडव्याला म्हशी पळवायच्या शर्यतीत हीच म्हैस जोतीरामच्या एका आरोळीवर मोटरसायकलच्या मागं पळायची. आरोळी कसली, शिवीच असायची ती. क्रांतीला ते आठवलं. तिनं टॅबवर आवाजाची पट्टी खाली उतरवली, खरखर पार शेवटापर्यंत वाढवली आणि पुन्हा लिहिलं.

"ए भवाने, मुडदा बशिवला तुझा, हिकडं ये की!"

चंद्राचे कान उभे राहिले. ती वळली आणि ट्रकच्या तोंडासमोरून तडक जोतीरामपाशी आली. मागं ट्रकचे ब्रेक करकचले. जोतीरामनं तुटकं दावं मनगटाला गुंडाळलं आणि तिच्या मानेवर डोकं टेकलं. क्रांती रस्त्याकडेला मटकन बसली आणि तिला रडू फुटलं.

जोतीरामनं लेकीच्या हातातला टॅब ओढून घेतला. एका बोटानं, शोधून शोधून अक्षरं दाबली.

"क्रांते, मुडदा बशिवला तुझा, रडतीस काय? सकाळपास्नं काय खाल्लंस का न्हाईस?"

"न्हाई, आप्पा," ती म्हणाली.