कापडावरचा समुद्र

थोरल्या लेकाच्या वागण्याचा मोठ्याबाईंना अगदी वीट आला होता. माणसानं चहा पिताना चहा प्यावा, जेवताना जेवावं. हा मात्र पहिला घोट घ्यायच्या आधी पेपर उघडणार आणि कुठल्याशा समुद्रापलीकडच्या बँकेनं व्याज वाढवलं म्हणून सबंध घराला तोंड पाडायला लावणार. मागच्या आठवड्यात "तेल कडाडलं" असं त्यानं इतक्या गंभीर आवाजात सांगितलं, की त्याची बायको उठून स्वयंपाकघरातला डबा हलवून बघून आली.

"आहे की अर्धा डबा," ती म्हणाली.

"जमिनीतलं तेल म्हणतोय मी."

"मग त्याचं तुमचं तुम्ही बघा, मंत्रीसाहेब. मला भाजी फोडणीला टाकायची आहे."

घरात आणि कारखान्यात थोरल्याला सगळे परराष्ट्रमंत्री म्हणत. इतर लोक पाठीमागे, बायको तोंडावर. खाली बॅगा शिवायचा कारखाना, वर राहतं घर, आणि दोन्हीकडे शब्द चालायचा तो मोठ्याबाईंचा. अक्षराला अक्षर जेमतेम जुळायला लागलं तेव्हाच त्यांची शाळा सुटली होती. पण शिवणीवरून अंगठा फिरवला की कोणता कारागीर काल घरी भांडून आलाय हे त्या सांगत, आणि तो कारागीर खाली मान घालून कबूल करी.

थोरला अगदीच हवेत बोलायचा असंही नव्हतं. एकदा कुठल्याशा दूरच्या बंदरात हमालांनी संप केला, तेव्हा आता बॅगांची चाकं मिळायची नाहीत हे त्यानं एकट्यानं ताडलं आणि चाकांची पोती भरून ठेवली. पुढचा हंगामभर बाकीचे कारखानदार त्याच्या दारात हात जोडून उभे होते. मोठ्याबाई तेव्हा रस्त्यातून अशा काही चालत, की जणू तो संप त्यांनीच घडवून आणला होता. उलट एकदा, लोक आता गावाबाहेर पडायचेच नाहीत, असं भाकीत करून त्यानं प्रवासी बॅगा बंद केल्या आणि डब्याच्या निळ्या पिशव्यांचा डोंगर शिवून घेतला. लोक दुसऱ्याच महिन्यात दुप्पट हिंडायला लागले. शेवटी पिशव्या फुकट वाटल्या. अजूनही त्या रस्त्यावर दातांच्या डॉक्टरपासून कुलूपवाल्यापर्यंत सगळ्यांच्या खांद्याला तीच निळी पिशवी दिसते, आणि परक्या माणसाला वाटतं इथं मोठ्यांची शाळा भरते.

हे सगळं मोठ्याबाईंनी खपवून घेतलं होतं. पण आता गोष्ट नातीवर आली होती.

थोरल्याची ही एकुलती लेक बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं शिकली होती. एका मालवाहू बोटीवर तिला काम मिळालं होतं आणि शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. कळवून मोकळी झाली असती. पण ती आजीचीच नात.

"बाबा हसून हो म्हणाले तरच जाईन," तिनं सांगून टाकलं होतं. "तोंड पाडून दिलेला होकार मला नको. तो घेऊन भर समुद्रात मी काय करू?"

तेव्हापासून जगात काहीही घडो, परराष्ट्रमंत्र्यांचा निष्कर्ष एकच निघे. दोन बलाढ्य देशांनी एकमेकांच्या मालावर जकात चढवली: व्यापार आटणार, बोटी बंदरात गंजत पडणार, पोरीनं जाऊ नये. त्यांनी जकात उतरवली: बाजार अजून स्थिरावायचा आहे, घाई नको. कुठं निवडणूक झाली, तर जिंकलेला भरवशाचा नव्हता. आणि हरलेला तर त्याहून नव्हता. लेक मुकाट्यानं ऐकून घ्यायची आणि दिवसेंदिवस तिचं जेवण कमी होत चाललं होतं. ताटात उरलेलं अन्न मोठ्याबाईंच्या नजरेतून सुटत नसे.

बुधवारी सकाळी थोरल्यानं लेकीला खाली कटिंगच्या खोलीत नेलं. लांबलचक टेबलावर नवं कोरं कॅनव्हास अंथरलेलं होतं. त्यानं खडू उचलला आणि कापडावर समुद्र काढला.

"हा बघ कालवा. इथून बोटी जायच्या. आता इथं गोळीबार चालतो, म्हणून सगळ्या बोटी खाली उतरतात, अशा, सबंध खंडाला वळसा घालून, आणि मग वर." खडू टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. "जगाची घडी विसकटलीय, बाळा. अशा वेळी घरात असलेलं बरं."

वरून चहाची हाक आली आणि दोघं जिना चढून गेले. समुद्र टेबलावरच राहिला.

कारखान्यात मोठ्याबाईंनी घालून दिलेला एक नियम होता. विचार पक्का झाल्याशिवाय कापडाला खडू लावायचा नाही, आणि एकदा रेघ पडली की कापणाऱ्यानं पुन्हा विचारायचं नाही. विचारत बसण्यात दिवस जातो. कटिंग मास्तर हा नियम जपत आलेला माणूस. ते आले, रेघ पाहिली, कात्री उचलली.

चहा संपवून सगळे खाली आले, तेव्हा खंडाचा वळसा मधोमध कापून दोन तुकडे झाले होते आणि मास्तर समाधानानं कात्री पुसत होते.

"मास्तर," मोठ्याबाईंनी विचारलं, "हे काय कापलंत?"

"रेघ होती, कापली. भोपळ्यासारखा आकार बघून जरा नवल वाटलं. म्हटलं, नवी फॅशन असेल."

"तो जहाजांचा मार्ग होता," थोरला कळवळला.

"मग तसं लिहायचं होतं वर. आणि साहेब, हा मार्ग मला नवा नाही. समोरच्या चप्पलवाल्याचा मुलगा बोटीवर कामाला जायचा होता, तेव्हाही तुम्ही हाच काढला होता. त्या दिवशी मी जागेवर होतो म्हणून पुसून घेतला."

मोठ्याबाईंचे कान टवकारले. "चप्पलवाल्याच्या पोराला काय सांगितलं होतं यानं?"

"सांगितलं, की बोटी लांबून जायला लागल्या, म्हणजे तेवढाच माल न्यायला जास्त बोटी लागणार. इंजिनं जास्त चालणार, जास्त बिघडणार, माणसं जास्त लागणार. आणि वळशाच्या वाटेनं गोळीबार टळतो. डोळे मिटून जा, म्हणाले. गेला की तो. परवा बापाला फोटो पाठवलाय, चांगला गुटगुटीत झालाय."

पलीकडे शिवणयंत्रावरच्या बायकांनी पाय थांबवले.

"अस्सं," मोठ्याबाई म्हणाल्या. "म्हणजे गोळीबार तोच, कालवा तोच, रेघसुद्धा तीच. चप्पलवाल्याच्या पोराला ती जा म्हणते आणि आपल्या पोरीला बस म्हणते. रेघेला नातं कळतं वाटतं?"

थोरल्यानं कापडाचा एक तुकडा उचलला, त्याची घडी घातली, मग उगाच पुन्हा उलगडली.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. काम चांगलं आहे, दिवसही तिच्या बाजूचे आहेत. तरी मी रोज पेपर उघडायचो. कुठंतरी, कुणीतरी काहीतरी करेल आणि ती थांबेल. सगळं जग धुंडाळलं, आई. एका देशानं मदत केली नाही."

आधी त्याची बायको हसली, तोंडावर पदर धरून. मग यंत्रावरच्या बायका. मग लेक इतकी हसली, की डोळे पुसायची पाळी आली, आणि ती पुसता पुसताच म्हणाली, "बाबा, सरळ सांगायचं ना, मला करमणार नाही म्हणून."

"नाही करमणार. काय करू त्याला?" आणि मग त्यालाही हसू आलं, पोटातून, कितीतरी दिवसांनी. "जा गं बाई. आजच कळव. शुक्रवारपर्यंत थांबलीस तर कुठं तरी पुन्हा निवडणूक लागायची."

लेकीनं उभ्या उभ्याच होकार कळवून टाकला आणि ती म्हणाली, "मास्तर, हे दोन तुकडे जोडून माझी बॅग शिवा. शिवण वळशावरूनच आली पाहिजे, बरोबर मधून."

"वाकडी दिसेल."

"दिसू दे."

मास्तरांनी मोठ्याबाईंकडे पाहिलं. मोठ्याबाईंनी मान डोलावली आणि त्या म्हणाल्या, "शिवण दुहेरी घाला. वाकडं काम करायचं तर पक्कं करा." दुपारी नातीनं दोन वेळा भाजी मागून घेतली. सून ताट भरता भरता गुणगुणत होती. थोरला पेपर न उघडता जेवला आणि काय करावं न सुचून लेकीला लोणी वाढत राहिला.

सगळं आवरल्यावर मोठ्याबाईंनी त्याला समोर बसवलं. समोर चारचौघं होती; मोठ्याबाईंना ती हवीच होती.

"ऐक," त्या म्हणाल्या. "जगाचं तुला कळतं, हे आज मी सगळ्यांदेखत कबूल करते, पुन्हा करणार नाही. पण पोरीच्या बाबतीत तू पक्का लबाड आहेस, आणि लबाडी करताना चार माणसांसमोर सापडतोस, म्हणजे त्यातही कच्चाच. कापडाचं नुकसान तुझ्या नावावर. बाकी बाप म्हणून तू मला पसंत आहेस."