अर्धा चेहरा

कोरियातल्या देगू शहरातल्या एका मोठ्या दुकानात माल्सुनताईंच्या सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरची शान म्हणजे त्यांच्या हाताखालच्या बोरमचा चेहरा. दर शनिवारी दुपारी ती गिऱ्हाइकांसमोर बसून अर्ध्या चेहऱ्याचा मेकअप पुसायची. आतली नितळ कातडी पाहून बायका डागांवरचं रेटिनॉल क्रीम मुकाट्याने उचलायच्या.

या वसंतात त्याच गालांवर तपकिरी डाग ठळक दिसू लागले. पोरगी आळसावली, असं ताईंना वाटलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तिला फैलावर घेतलं.

"फुकटचं क्रीम लावायलाही हात दुखतात का गं तुझे?"

बोरम किमबापचा, म्हणजे भाताच्या गुंडाळीचा, घास गिळून म्हणाली, "सोडून सात महिने झाले, ताई. आम्हाला बाळ हवंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रेटिनॉल पोटातल्या बाळाला बाधू शकतं, आधीच बंद करा."

"पण अजून दिवस कुठे गेलेत?"

"गेलेत हे कळायलाच महिना जातो. तोवर मी काय काय चोपडलेलं असेल? आता साधं मॉइश्चरायझर अन् सनस्क्रीन. बस."

ताईंनी तिच्या गालांकडे नीट पाहिलं. सात महिने या पोरीने आरशात एकेक डाग परत येताना पाहिला आणि अवाक्षर काढलं नाही. आपल्याला हे मुळीच जमलं नसतं. पण तिचा करार याच महिन्यात संपत होता, आणि शनिवारी दुकानाचे मॅनेजर ग्वॉनसाहेब स्वतः बघायला येणार होते.

"शनिवारी आजारी पड. मी बसते."

"तुमच्या सुरकुत्या बघून कोण घेईल, ताई?" बोरम हसली.

शनिवारी तीच बसली. मेकअप पुसला तसे डाग उघडे पडले.

"या क्रीमने असं होतं होय?" कुरळ्या केसांच्या एका बाईने विचारलं, आणि सगळ्या हसल्या. ग्वॉनसाहेबांचं तोंड कडू झालं.

"हे क्रीम सोडल्यावर होतं," बोरम शांतपणे म्हणाली. तिने फोनमधला गेल्या वर्षीचा फोटो गालाशी धरला. "लावत होते तेव्हाचा हा."

"मग सोडलंस कशाला?"

"बाळ हवंय म्हणून. तुमच्यातल्या कुणाला हवं असेल, तर हे घेऊ नका."

मग कुरळ्या केसांच्या बाईनेच दोन डब्या उचलल्या, आणि बघता बघता फळी जवळजवळ रिकामी झाली. एका तरुणीने मात्र हातातली डबी परत ठेवली आणि हळूच विचारलं, "तुम्ही सध्या काय लावता?" बोरमने ते तिला लिहून दिलं.

"विकायला बसवलं, अन् ही घेऊ नका म्हणते," ग्वॉनसाहेब पुटपुटले.

"साहेब, फळी बघा," ताई म्हणाल्या. "आणि हिच्या करारावर आजच सही करा." साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने क्रीम लावून दाखवायला सांगितलं. ते विकणारीने आपल्याच हातावर दाखवायचं असतं. बोरमने खिशातून पातळ हातमोजा काढला. सात महिने क्रीम दाखवताना ही तो का घालते, हे ताईंना आत्ता उमगलं. त्यांनी स्वतःची बाही वर सारली आणि हात तिच्यापुढे धरला.

"माझ्या हातावर लाव. मला या वयात कुठलं बाळ व्हायचंय?"