वाकडी शिलाई

"आजबी मशीनला हात लावला न्हाई?" छबूबाईने उंबऱ्यातूनच विचारले.

केशरबाईने मान खाली घातली. तिचा नवरा रंगनाथ, कर्जतचा नावाजलेला शिंपी, मशीनसमोर बसला होता. मांडीवर छबूबाईच्या लेकीच्या लग्नाचा खण, नजर भिंतीवर. चार महिन्यांपूर्वी त्याला झटका आला. नगरचे डॉक्टर म्हणाले होते, "हात शाबूत आहेत, अक्कल शाबूत आहे. पण 'ऊठ, कर' म्हणून आतून जे ढकलतं ना, तेच मेंदूत दुखावलंय. त्यांना आळशी म्हणू नका."

जेव म्हटले की तो जेवे, नीज म्हटले की निजे. रागावत मात्र नसे, आणि केशरबाईला तेच सोसवत नव्हते. काल तिने परकराची वाकडी दुमड घातली, तेव्हा कुठे तो आपण होऊन पुटपुटला होता, "वाकडं हाय."

"माझा खण माघारी द्या. परवा हळद हाय," छबूबाई म्हणाली.

"थांबा. मीच कापते."

तीस वर्षे केशरबाईने काजे केली, गुंड्या लावल्या. कापडाला कात्री कधी लावली नव्हती. तिने खण तिरपा पसरला आणि कात्री उघडली. छबूबाई किंचाळली. केशरबाईने रंगनाथकडे पाहिले. एक काप, की लग्नाचा खण वाया.

"आवं, हितनंच कापू न्हवं?"

"आगं ए! काठ कुठं चाललाय तुजा?"

रंगनाथ उठला होता. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. त्याने कात्री हिसकावली, खण सरळ केला, खडू घेतला. दुपारपर्यंत चोळी तयार झाली. केशरबाई चुलीपुढे बसून पोटभर रडली; नवरा तिच्यावर ओरडला होता.

तेव्हापासून ती रोज काहीतरी बिघडवू लागली. तो चिडे, उसवे, आणि मग कामाला लागे. म्हातारीचा हात गेला, असे बायका म्हणत. ती ऐकून घेई.

पौषातल्या एका दुपारी तो तिची शिलाई उसवत होता. मध्येच थांबला.

"केशर, तुजा हात असा कदीच नव्हता. मुद्दाम करतीस व्हय?"

तिला खोटे बोलवेना. "व्हय."

रंगनाथने गुडघ्यावरचे धागे एकेक करून वेचले, तळहातावर गोळा केले.

"उद्याबी कर," तो म्हणाला.