बियाण्याची पाटी

दसरा उलटला, की बी धरण्यासाठी पुन्हा लावायचे कांदे निवडायला बसायचे, हा रिवाज लंकाबाईनेच घातलेला. दोघी जावांच्या चुली वेगळ्या झाल्या, तरी कांदा साठवायची चाळ एकच राहिली. तिच्यातून दोन पाट्या भरायच्या. एक थोरलीची, एक धाकटीची. लंकाबाईचे बी एकरंगी, म्हणून पार पिंपळगावापर्यंत तिचे नाव होते. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तीन वर्षे निवड धाकट्या कुसाबाईच्या हाती गेली. जोडकांदा बोटांना कळतो. रंग कळत नाही. लंकाबाईच्या बियाचा कांदा फिकट, भेसळीचा निघू लागला. बियाचे गिऱ्हाईक तिच्या दारावरून पुढे जाऊन कुसाबाईच्या ओट्यावर बसू लागले. "म्हातारीचा हातगुण गेला," हे लंकाबाईने स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

यंदा, एकोणऐंशी साली, शाळेत भरलेल्या डोळ्यांच्या शिबिरात मोतीबिंदू काढला आणि तिचा डोळा उघडला. बोटभर जाड काचेचा चष्मा लावून ती चाळीपाशी येऊन बसली. कुसाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. काचेतून तो घागरीएवढा आणि अगदी हाताशी दिसला. लंकाबाईची मूठ वीतभर अलीकडेच मिटली. पाणी लुगड्यावर सांडले.

"अगं बया! आक्का, चष्मा घालून बी तसंच का?" कुसाबाईने हसत, निवडायला आलेल्या सगुणाबाईला डोळा घातला. "आंधळ्याच्या हाती आरसा, दुसरं काय!"

तो डोळा घातलेला लंकाबाईला लख्ख दिसला. तिने मान खाली घातली.

"लय धुरकट दिसतं गं. तूच निवड."

कुसाबाई निर्धास्त झाली. गर्द गुलाबी, बारीक मानेचा कांदा स्वतःच्या पाटीत; पांढुरका थोरलीच्या. लंकाबाई एकेक कांदा पाहत होती आणि प्रत्येक कांद्यागणिक तिच्या दाढा आवळत होत्या. पाट्या शिगोशीग भरेपर्यंत ती हलली नाही.

"कुसे, दोन्ही पाट्या सारख्याच ना?"

"सारख्याच, आक्का."

"सगुणाबाई बसल्यात. घे आण."

"सप्तशृंगीची आण! तिळाचा फरक नाय."

"मग माझी तुला, तुझी मला."

कुसाबाईने आपल्या पाटीवर हात ठेवला. सगुणाबाईने दोन्ही पाट्यांत डोकावून पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

"आक्का... तुमाला दिसतंय?" कुसाबाईने विचारले.

"तांब्या घागरीएवढा दिसतो, कांदा नारळाएवढा. तुझं काळीज तेवढं मोठं दिसंना."

"चुकलं, आक्का. पाया पडते. या बियानं माझ्या दारी कुत्रं येनार नाय."

"माझ्या दारी तीन वर्सं कोन आलं होतं?"

लंकाबाईने गुलाबी पाटीकडे हात नेला. तो पुन्हा वीतभर कमी पडला. या खेपेला कोणी हसले नाही. तिने हात सावकाश लांबवला, पाटीचा काठ पकडला आणि ती मांडीशी ओढून घेतली.

"ती पांढुरकी पाटी आता तुझी. उद्याच लावायची, कुसे. एक कांदा बदलायचा नाय. मी बांधावर बसनार हाय, चष्मा पुसून."