पालथी पायरी

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि गेली जवळजवळ दीडशे वर्षं मी तोंडावर पडलेलो आहे. हसू नका! खरंच तोंडावर पडलोय. माझी पाठ वर, तोंड खाली, नाकात वाळू. लोक मला पायरी म्हणतात. मी पायरी नाही हो! पण हे सांगायचं कुणाला आणि कसं? तोंड जमिनीत असल्यावर कुणीही गप्पच बसतो.

तुम्ही ऐकताय, तेवढंच नशीब.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या पूर्व भागात, नदीकाठच्या चुनखडीच्या खाणीत झाला. मला कापलं, घासलं, उन्हात उभं केलं. पिवळसर, गुळगुळीत, असा काही देखणा दिसत होतो मी! मग एके दिवशी पश्चिमेच्या गवताळ मुलखातून हाल्वोर नावाचा तरुण शेतकरी बैलगाडी घेऊन आला. नॉर्वेहून येऊन त्याला फार वर्षं झाली नव्हती. घरचा एकुलता एक गोऱ्हा विकून तो माझ्यासाठी आला होता. त्याची बायको गुरी तापाने गेली होती.

"नाव आणि साल, झालं," म्हातारा पाथरवट छिन्नी उचलत म्हणाला. "पोराचं नाव कशाला हवंय? पोरगं जिवंत आहे ना?"

"आहे. वर्षाचं आहे."

"मग? जिवंत माणसाचं नाव कुणी थडग्यावर कोरतं का?"

"त्याला ती आठवणार नाही," हाल्वोर म्हणाला. "निदान दगडाला आठवू दे."

पाथरवटाने माझ्या अंगावर चार ओळी कोरल्या. गुरी. हाल्वोरची बायको. नेल्सची आई. मृत्यू १८६९. मित्रांनो, छिन्नी लागते तेव्हा दुखतं, पण त्या दिवशी मला अभिमानच वाटला. मला काम मिळालं होतं. मला आठवायचं होतं.

शेताच्या कोपऱ्यात, एका उंच झाडाखाली मी उभा राहिलो. ते माझे मानाचे दिवस. छोटा नेल्स रांगत यायचा, माझ्या अक्षरांच्या खाचांत बोट घालून मुंग्या काढायचा आणि चक्क खायचा! त्याच्या मागे धावत यायची सिग्रिद. शेजारच्या शेतावरची ही मुलगी आईविना पोर सांभाळायला म्हणून आली होती. पुढच्या वर्षी, शरद ऋतूत, हाल्वोरने तिच्याशी लग्न केलं.

सावत्र आई म्हटलं की तुमच्या भुवया वर जातात, मला माहीत आहे. खाली घ्या त्या. आमच्या नॉर्वेजियन लोकांत एक रीत होती. पहिली बायको गेली आणि नवऱ्याने दुसरं लग्न केलं, की दुसरीच्या पहिल्या मुलीला गेलेलीचं नाव द्यायचं. सिग्रिदला मुलगी झाली तेव्हा ती बाळाला छातीशी धरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ही बघ गं," ती म्हणाली, "तुझं नाव हिला दिलंय. आणि तुझा नेल्स आता माझा. काळजी करू नकोस."

म्हणजे घरात दोन गुरी झाल्या. एक मातीखाली, एक पाळण्यात. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

मग गावात चर्च बांधलं गेलं. शेतातल्या थडग्यातून गुरीला चर्चच्या आवारात हलवलं आणि तिथे लाकडी क्रूस लावला. "दगड माती बसल्यावर उभा करू," असं ठरलं आणि मी गाडीतून घरी आलो. त्या शरदात पाऊस थांबता थांबेना. गोठ्याच्या दारात गुडघाभर चिखल. सिग्रिद दुधाच्या बादल्यांसकट आपटली, तीही दुसऱ्यांदा दिवस गेलेले असताना! हाल्वोर घाबरला. आमच्या मुलखात गवत हवं तेवढं, चिखल हवा तेवढा, पण सपाट दगड म्हणाल तर औषधाला नाही. होतो तो मी एकटा.

"तात्पुरता हं," त्याने सिग्रिदला सांगितलं. खाली छान वाळू अंथरली आणि मला दारात पालथा घातला. "पालथा घालतोय, म्हणजे बुटांनी अक्षरं झिजायची नाहीत. वसंतात गोठलेली जमीन मऊ झाली की चर्चमध्ये नेऊन उभा करतो."

बघा ना मित्रांनो, त्याने किती प्रेमाने केलं हे! अक्षरं झिजू नयेत म्हणून! आणि खरंच, माझं एकही अक्षर झिजलं नाही. फक्त ती वाचायची कुणी?

पुढच्या उन्हाळ्यात टोळ आले. गहू खाल्ला, पडदे खाल्ले, फावड्याचा दांडासुद्धा कुरतडला. मग कुठला दगड आणि कुठलं काय. दर वसंतात हाल्वोर माझ्यावर उभा राहायचा, बुटाच्या टाचेने हळूच ठोकायचा आणि पुटपुटायचा, "या वसंतात नक्की." मी आतून ओरडायचो, "हो, हो, चला!" मग कुठे गाय व्यायची, कुठे छप्पर गळायचं. 'आधी उभा करू, मग सांगू' म्हणत त्याने आणि सिग्रिदने पोरांना कधी सांगितलंच नाही. एका वसंतात तो ठोकायला आलाच नाही. त्याआधीच्या हिवाळ्यात तो गेला होता. चर्चमधला लाकडी क्रूसही तोवर कुजून पडला होता.

बाकी कौतुक मात्र फार झालं हं माझं! "काय झकास पायरी आहे!" असं शेजारीपाजारी म्हणायचे. त्यांच्या बुटांना चिखल लागायचा नाही ना.

नेल्स मोठा झाला, म्हातारा झाला, पण गोठा त्याने सोडला नाही. हाल्वोर जाण्यापूर्वी एकदा बापलेक माझ्यावर उभे होते. "शेत तुझ्या नावावर करतो," हाल्वोर म्हणाला. "थोरला तू आहेस." नेल्स हसला. "गुरीला द्या, बाबा. तिच्या पदरात पोरं आहेत. माझा पोरगा रेल्वेत रमलाय, तो कशाला नांगर धरतोय! मला गाई पुरेत." हे फक्त दोघांनी ऐकलं, एक मी आणि एक तपकिरी गाय. गाय काही बोलली नाही.

रोज दूध काढून झालं की नेल्स माझ्यावर बसायचा. त्याच्या बसण्याने माझ्या पाठीत खळगा पडला. मित्रांनो, त्याच्या खाली जेमतेम चार बोटांवर 'नेल्सची आई' कोरलेलं होतं! जन्मभर तो तिच्या मांडीवर बसत होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. मला घाम फुटायचा. दगडाला घाम फुटतो, दमट सकाळी नीट बघा.

म्हातारपणी रविवारी त्याच्याबरोबर त्याची नात बसायची. आर्डिस, वय वर्षं आठ, दोन वेण्या, अखंड बडबड.

"माझ्या आईचं नाव गुरी होतं," तो एकदा तिला म्हणाला.

"गुरी तर तुमची बहीण ना, आजोबा?"

"ती पण."

"असं कसं असेल? मग ती आई कुठेय?"

"चर्चजवळ कुठेतरी. बाबांनी दगड आणला होता म्हणतात. गेला कुठे कोण जाणे." असं म्हणून त्याने पाइप माझ्यावर ठोकून राख झाडली.

माझ्यावर! मी काय करणार होतो सांगा? तडा जाऊन दोन तुकडे व्हावेत म्हणून मी अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. पण चांगल्या खाणीचा दगड मी. नाही गेला तडा.

आता वर्षं उडी मारून जातात, कारण ती तशीच गेली. गोठ्यात गाई राहिल्या नाहीत. शेत धाकट्या गुरीच्या नातवाकडे, डेल्मरकडे आलं. डेल्मर पंच्याहत्तरीचा झाला आणि त्याने ते एका मोठ्या शेतकऱ्याला विकलं. घर, गोठा सगळं पाडून तिथे मका लावायचा होता. म्हणून त्या उन्हाळ्यात सगळ्या कुळाचा शेवटचा मेळावा शेतावर भरला. डेल्मरने दोन हिवाळे जिल्हा कचेरीत आणि ग्रंथालयात जुने कागद चाळून वंशवृक्ष तयार केला होता. तो एवढा मोठा झाला की गोठ्याची अख्खी भिंत व्यापली. हाल्वोरपासून सगळ्या फांद्या ठळक काळ्या रेघांनी काढलेल्या. नेल्सची फांदी तेवढी ठिपक्यांनी, म्हणजे नात्याला पुरावा नाही.

आर्डिसने ती बघितली. आता तीही सत्त्याहत्तरची. ती कॉफीचा कप घेऊन आली आणि माझ्यावर बसली, नेल्सच्या खळग्यात.

थोड्या वेळाने डेल्मर लिंबाच्या वड्यांची बशी घेऊन आला. "अगं आर्डिस, फोटो काढायचाय. सगळे उभे राहिलेत."

"मी कुठे उभी राहू? ठिपक्यांवर?"

"झालं हिचं सुरू! अगं, मी काय मुद्दाम केलंय का? कागदात असेल तेच लिहिलंय."

"माझ्याकडे नेल्स आजोबांच्या बाप्तिस्म्याचा कागद आहे. त्यात आई गुरी, बाप हाल्वोर लिहिलंय."

"अगं, गुरी म्हणजे माझी आजी! नेल्सची बहीण, आणि तीन वर्षांनी धाकटी. धाकटी बहीण थोरल्या भावाची आई कशी होईल? तेव्हा चर्च नव्हतं, गावोगाव फिरणाऱ्या पाद्र्याने मागाहून आठवून लिहिलं असेल, चुकला बिचारा. आणि अठराशे सत्तर सालची खानेसुमारी बघ. हाल्वोर, सिग्रिद आणि दोन वर्षांचा नेल्स एका घरात, पण कोण कुणाचं कोण हे तेव्हा लिहीतच नसत. लग्न तर त्यानंतरचं. वाटेत पोरकं झालेलं एखादं पोर ठेवून घेतलं असेल त्यांनी. चांगलीच माणसं होती ती."

"आजोबा मला स्वतः म्हणाले होते. दगड होता म्हणाले. मी तीन तालुक्यांतली चर्चची आवारं पालथी घातली रे, डेल्मर. ब्रश घेऊन, गुडघ्यांवर बसून, एकेक दगड घासला."

"आणि एकही मिळाला नाही."

"नाही."

"थोरला मुलगा असता तर शेत त्याला नसतं का मिळालं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं! मित्रांनो, सगळी उत्तरं माझ्याकडे होती. दोन गुरींची रीत, तपकिरी गाईसमोरचं बोलणं, आणि पोटाशी धरलेल्या चार ओळी!

डेल्मर माझ्यावर तिच्या शेजारी बसला. त्याचा आवाज उतरला. "मला काय मजा वाटते का गं? लहानपणी नेल्स आजोबांनीच मला धार काढायला शिकवलं. तू मला एक पुरावा दे. एकच! आत्ता जाऊन रेघ भरतो. हा बघ पेन." खिशातलं काळं पेन काढून त्याने खरंच टोपण उघडलं. दोघं म्हातारी माणसं त्या पेनाकडे बघत राहिली. मग त्याने टोपण लावलं.

"मला आता फार दिवस नाहीत, डेल्मर," आर्डिस म्हणाली. "आजोबा कुणाचे तरी होते एवढंच मला तिथे लिहिलेलं बघायचं होतं."

"दुसरं काही हवंय का तुला इथलं? पुढच्या आठवड्यात सगळं पाडणार."

तिने खाली बघितलं. "ही पायरी दे. आजोबा इथे बसायचे."

अहो! पायरी द्यायची म्हणजे उचलावी लागणार ना! डेल्मरने ट्रॅक्टर आणला, पहार घातली, साखळी लावली. कण्हत कण्हत मी उठलो. तोंडावर वारा लागला! दीडशे वर्षांनी! माझ्या तोंडाला वाळू आणि काळी माती घट्ट चिकटली होती, पोळीला पीठ माखावं तशी, हातभर जाड नव्हे, पण अक्षरं झाकायला पुरेशी. एक फटका, नळीचं थोडं पाणी, बस्स!

"खालची माती खरवडून देऊ का?" डेल्मरने फावडं उचललं.

"हो!" मी म्हणालो.

"नको," आर्डिस म्हणाली. तिने माझ्यावरून हळूच हात फिरवला, बरोबर 'नेल्सची आई' वरून. "राहू दे. घरची माती आहे ती. आणि जशी होती तशीच बसव, आजोबांचा खळगा वर."

प्रेमानेच पालथा घातला हो मला, दोन्ही वेळा. रागावणार तरी कुणावर?

आता मी गावात, आर्डिसच्या मागल्या दारात आहे. ती रोज माझ्यावर पाय ठेवून कॉफी पिते आणि पुढ्यातल्या पेटीतले जुने कागद पुन्हा पुन्हा वाचते. फोटोत ती कडेला उभी आहे. वंशवृक्षाच्या प्रती सगळ्यांना मिळाल्या, ठिपक्यांसकट. पण मित्रांनो, आमच्याकडची थंडी मोठी खोडकर असते. जमीन गोठते, फुगते आणि पुरलेले दगड वर ढकलते. गेल्या हिवाळ्यात माझा एक कोपरा बोटभर वर आला. आर्डिस त्याला अडखळली. पडली नाही, देवाची कृपा. मला तिला पाडायचं नाहीये हो! पण एवढीच एक भाषा मला येते.

म्हणून एक विनंती करतो. तुमच्या घरात, अंगणात, शाळेच्या आवारात एखादी जुनी वस्तू वर्षानुवर्षं एकाच कुशीवर पडून असेल, तर तिला नुसतं जपू नका. एकदा उलटून बघा. धुऊन बघा. घरच्या म्हाताऱ्या माणसाने 'ती पण' असं काही वेड्यासारखं म्हटलं, तर लगेच हसू नका, पुढचा प्रश्न विचारा. आणि आमच्या बाजूला कुणी येणार असाल, तर हिरव्या दाराचं घर आहे, मागच्या बाजूने या.

काल ती दारात उभी राहिली. तिने वर आलेल्या कोपऱ्याकडे बघितलं, चपलेच्या टाचेने मला हळूच ठोकलं आणि म्हणाली, "काढून नीट बसवायला हवा हा. या वसंतात नक्की."