नावेतला ढोल आणि चुन-मेईची पिशवी

मी एक जुना ढोल आहे, मित्रांनो. देवळातला नव्हे, नावेतला. तैवानमधल्या आमच्या गावी ड्रॅगन-नावांची शर्यत लागली, की मी नावेच्या तोंडाशी बसतो. कापराच्या झाडाचं खोड कोरून आणि त्यावर म्हशीचं कातडं ताणून मला घडवलं. पहिल्याच शर्यतीत मी घुमलो आणि सगळी वल्ही एका तालात पाण्यात शिरली. तो थरार काय सांगू!

मला वाजवायची ती लियाओ चुन-मेई. एरवी बाजारात माशांचे गोळे विकणारी ही बाई नावेत बसली, की तिच्या मनगटात वीज संचारायची. काठावरची माणसं तिचं नाव घेत आणि माझंही.

मग एका हिवाळ्यात तिचं आतडं फुटलं. तातडीनं शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून त्यावर पिशवी चिकटवावी लागली. अंगात पाणी टिकेना. घरी आल्यावर ती चक्कर येऊन पडली आणि पुन्हा दवाखान्यात गेली. तिथल्या परिचारिकेनं तिला मीठ घातलेली पेज वेळेवर प्यायला आणि पिशवी नीट बसवायला शिकवलं. तब्येत सुधारली, तरी ती माणसांत येईना. इकडे नावांच्या कोठीत पडून माझं कातडं सैल पडलं.

वसंतात आमचा सुकाणूवाला थिएन-फू तिला कोठीत घेऊन आला.

"दुसरं कुणी बघ रे," ती म्हणाली. "नावेत पिशवी गळली तर?"

"गळू दे ना, ताई. आम्ही घामानं नि चिखलानं एवढे घाण होतो, तुझ्या वासाला विचारतंय कोण?"

ती खुदकन हसली. माझ्यावर बोट मारून म्हणाली, "डॉक्टरांना विचारते. तोवर याचं कातडं आवळून घे. मेल्यासारखा वाजतोय."

डॉक्टरांनी परवानगी दिली. पोटाला पट्टा बांधायचा, जड काही उचलायचं नाही.

शर्यतीच्या दिवशी फटाके उडाले आणि आम्ही सुटलो! शेजारची नाव वीतभर पुढं होती. तेवढ्यात चुन-मेईची पिशवी फुगू लागली. तिचा हात पोटाकडे गेला, एक ठोका चुकला, वल्ही अडखळली.

"ताई, वाजव!" मागून थिएन-फू ओरडला.

तिनं असा काही ठोका दिला, की माझं खोड थरथरलं. धाड, धाड, धाड! नाव उसळली आणि टोकावरच्या आमच्या गड्यानं शर्यतीच्या शेवटी पाण्यात रोवलेलं निशाण आधी उपटलं. जिंकलो!

सगळे तिला उचलायला धावले.

"थांबा रे," ती चारचौघांत मोठ्यानं म्हणाली. "आधी पिशवी रिकामी करून येते, मग उचला."

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, माझं कातडं अधूनमधून आवळा. आणि तुमच्या ओळखीत कुणाच्या पोटावर अशी पिशवी असेल, तर त्याला पाणी विचारा, पेज विचारा. पण त्याची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका.