नाक नसलेली बाई

"आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही," थापाड्यानं रोजच्यासारखी सुरुवात केली. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विश्वास ठेवला. तेच तर त्याचं दुखणं होतं.

छातीवर गाईडचा बिल्ला असला, तरी जुन्या वस्तीत त्याला थापाड्या म्हणूनच ओळखत. आभाळ सकाळपासून कुंद होतं. टेकू दिलेल्या घरांमधून, छत्री मिटल्याशिवाय पुढं सरकता येणार नाही अशा बोळातून, तो मंडळींना चर्चकडे घेऊन निघाला. या बोळात वारा अडकून बसतो, तो म्हणाला, मग या दारातली म्हातारी त्याला झाडूनं ढोसून बाहेर काढते. कोणी हसलं नाही. एका गृहस्थांनी दाराचा फोटो काढला.

"आजी कधी भेटतात?"

"वारा तुंबला की."

दारावर बाहेरून फळ्या ठोकलेल्या होत्या. तेही कोणी विचारलं नाही.

त्याला हवी होती एक हरकत, आणि तीही एकाच तोंडून: धाकट्या बहिणीच्या. दोघं याच चर्चच्या घंटा वाजवणाऱ्याची पोरं, मनोऱ्याखालच्या ओलसर खोलीत वाढलेली. जेवताना यानं थाप मारायला तोंड उघडलं रे उघडलं, की मोरीतून, भांडी घासता घासता ती म्हणायची, "खोटं." दुसऱ्याचं खोटं तिच्या घशाखाली उतरतच नसे. बाप गेला तेव्हा यानं भेटायला आलेल्यांना सांगितलं, झोपेत शांतपणे गेले. ती चारचौघांत म्हणाली, "पिऊन जिन्यावरून पडले."

"पुन्हा तोंड दाखवू नकोस," हा म्हणाला. तिनं ऐकलं. ना पत्ता, ना निरोप.

तेव्हापासून तो प्रत्येक फेरीत खोटं पेरत आला. कधीतरी ती येईल, गर्दीच्या मागं उभी राहील, आणि मग गप्प बसणं काही तिला जमायचं नाही. थापा फुगत गेल्या, केस पिकले. हरकत मात्र आली नाही.

चर्चमध्ये गारठा होता. बाकांना बुरशीचा वास येत होता. थडग्यावर निजलेल्या संगमरवरी बाईपाशी तो थांबला. तिला नाक नव्हतं.

"वीज," तो म्हणाला. "त्या खिडकीतून आत शिरली, बाकांमधून शिस्तीत चालत आली, बाईचं नाक घेतलं आणि दारातून निघून गेली. जाताना दार लोटून घेतलं."

हे त्याचं ठेवणीतलं खोटं. खरं काय ते जगात दोघांनाच ठाऊक होतं.

माना डोलल्या. तो पुढच्या खांबाकडे वळला.

"खोटं," मागून आवाज आला.

खांबाला धरून त्यानं मागं पाहिलं. बहीण नव्हती. चाळिशीची कोणी बाई होती, हातात ओली छत्री. हनुवटी मात्र तीच, भांडायला वर काढलेली.

"आई त्या नाकावर अक्रोड फोडत होती, दगडानं. नाक तिनं फोडलं, मार तुम्ही खाल्लात. गेल्या हिवाळ्यात वारली ती, पण शेवटपर्यंत घोकत होती, की कोणीतरी जा आणि त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सांगा." तिनं छत्रीचं टोक त्याच्याकडे रोखलं. "तुम्ही खोटं बोलताय, मामा."